असईचा तोफगोळा किती खाली पडला? जुन्या आकड्यांची एकके आणि आपलं संशोधन

जालना जिल्ह्याचा इतिहास लिहायला घेतला की असईची लढाई टाळता येत नाही. तारीख २३ सप्टेंबर १८०३. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला माणूस. या लढाईचं काहीही वाचा, दर दुसऱ्या पानावर आकडे भेटतात. इतके मैल कूच, इतक्या यार्डांवरून मारा, इतक्या पौंडी तोफा. आपण इतिहासवाले काय करतो? आकडा उचलतो, शेजारी किलोमीटर लिहितो आणि पुढे सरकतो. आज तिथेच जरा थांबू.

पेटची तयारी करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी दहावीनंतर विज्ञानाला रामराम ठोकलेला असतो. काळजी करू नका. इथे लागणारं गणित नववी-दहावीच्या पुस्तकातलं आहे: वेगाचं एकक बदलणं आणि पडणाऱ्या वस्तूने कापलेलं अंतर काढणं. एवढ्या दोन गोष्टींवर असईबद्दलचं एक नेहमीचं विधान तपासता येतं. ते विधान असं: "मराठ्यांकडे तोफा पुष्कळ होत्या, पण नेम नव्हता, म्हणून हरले."

लढाई थोडक्यात

२ सप्टेंबर १८०३ ला कर्नल स्टीव्हन्सनने जालना घेतलं. २१ तारखेला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन बदनापूरला भेटले. आज जालन्याहून संभाजीनगरकडे रेल्वेने निघालं की लागतं, तेच बदनापूर. दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी उत्तरेला जायचं आणि २४ तारखेला भोकरदनजवळ मिळून हल्ला करायचा, असं ठरलं.

२३ ला सकाळी १४ मैल चालून मुक्कामावर पोचल्यावर वेलस्लीला कळलं, की शत्रू वाटला होता त्यापेक्षा खूपच जवळ आहे. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांचा तळ पडला होता. स्टीव्हन्सनची वाट न पाहता वेलस्लीने हल्ला केला. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, म्हणजे मध्ये उतार असणारच, असा अंदाज बांधून त्याने नदी ओलांडली. समोर पोलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखालच्या कवायती पलटणी आणि शंभरच्या आसपास तोफा होत्या.

इंग्रज जिंकले, पण मैदानात उतरलेल्या सुमारे साडेचार हजार कवायती फौजेपैकी १५०० हून जास्त माणसं ठार, जखमी किंवा बेपत्ता झाली. म्हणजे तिसरा हिस्सा. चौऱ्याहत्तरावी हायलँडर पलटण वाट चुकून असई गावाच्या तोंडावर गेली आणि सुमारे ५०० पैकी जवळपास ४०० माणसं गमावून बसली. इंग्रजांच्या हाती ९८ तोफा लागल्या.

गावाच्या नावालाही "एकक" असतं

शत्रू अपेक्षेपेक्षा जवळ निघाला, तो का? वेलस्लीने नंतर पत्रात याचा खुलासा केला. हरकाऱ्यांनी सांगितलं होतं, की शत्रू "भोकरदन"ला आहे. वेलस्लीने भोकरदन गाव धरलं. पण भोकरदन हे गावाचं नाव तसंच भोवतालच्या परगण्याचंही नाव. सैन्याचा तळ परगण्यात होता आणि मैलोगणती पसरलेला होता. हरकारे खोटं बोलले नाहीत, आणि वेलस्लीनेही चुकीचं ऐकलं नव्हतं. फक्त एकाच शब्दाची दोघांची मापं वेगळी होती.

हे उदाहरण आधी सांगायचं कारण असं, की एककाची गफलत फक्त आकड्यांत होत नाही. जुन्या कागदात "भोकरदन" आलं की गाव, कसबा की परगणा, हे आधी विचारायचं. तसंच "फूट" आलं की कोणाचा फूट, हे विचारायचं. त्याकडे पुढे येऊच.

पायरी पहिली: वेगाचं एकक बदलणं

अठराव्या शतकातल्या इंग्रजी तोफखान्याच्या पुस्तकांत गोळ्याचा वेग "सेकंदाला इतके फूट" असा देतात. मैदानी तोफेच्या तोंडातून सुटताना गोळ्याचा वेग साधारण सेकंदाला १५०० फूट धरला जातो. असईच्या मैदानावर कोणी वेग मोजायला बसलं नव्हतं, त्यामुळे हा त्या प्रकारच्या तोफांचा सर्वसाधारण आकडा आहे, हे टिपणात लिहून ठेवायचं.

आता बदल करू. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर.

१५०० × ०.३०४८ = ४५७.२ मीटर प्रति सेकंद.

ताशी किलोमीटर हवे असतील तर ३.६ ने गुणायचं. हा ३.६ येतो कुठून? एका तासात ३६०० सेकंद, एका किलोमीटरमध्ये १००० मीटर, आणि ३६०० भागिले १००० म्हणजे ३.६. पाठ करू नका, प्रत्येक वेळी काढा.

४५७.२ × ३.६ = १६४५.९ किलोमीटर प्रति तास.

इथे एक सवय लावून घ्या. प्रबंधात "१६४५.९२ किमी/तास" असं लिहू नका. मूळ आकडा "साधारण १५००" असा ढोबळ होता. कॅल्क्युलेटरने दिलेले पुढचे अंक खरे वाटतात, पण त्यांच्यामागे पुरावा काहीच नसतो. "ताशी सुमारे १६५० किलोमीटर" एवढंच प्रामाणिक आहे.

पण वेग मोजला कसा?

सेकंदाला १५०० फूट जाणारी वस्तू डोळ्याला दिसत नाही. तेव्हा सेकंदाचे बारीक भाग मोजणारी घड्याळंही नव्हती. मग हा आकडा आला कुठून? स्रोताला विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच असतो: तुला हे कळलं कसं?

उत्तर आहे बेंजामिन रॉबिन्स. या इंग्रज गणितज्ञाने १७४२ मध्ये तोफशास्त्रावर पुस्तक प्रसिद्ध केलं. त्याची युक्ती साधी होती. एक जड लाकडी ठोकळा लोलकासारखा टांगायचा आणि त्यावर बंदुकीची गोळी झाडायची. गोळी ठोकळ्यात रुतते, ठोकळा मागे झुलतो आणि थोडा वर उचलला जातो. किती वर गेला ते मोजायचं.

गंमत इथे आहे. वस्तू ठरावीक उंचीवरून पडली की तिला ठरावीक वेग येतो. उलट, तेवढ्याच वेगाने वर फेकली तर ती तेवढ्याच उंचीपर्यंत जाते. म्हणजे उंची मोजली की वेग कळतो. वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरणाची दुप्पट, एवढी उंची. फुटांत गुरुत्वत्वरण ३२.२ धरलं तर दुप्पट ६४.४.

आकडे घालून बघू. समजा गोळी १/१२ पौंडाची, ठोकळा ५६ पौंडाचा आणि गोळीचा वेग सेकंदाला १७०० फूट. गोळीचा संवेग सगळ्या ठोकळ्यात वाटला गेला, की ठोकळ्याचा वेग सेकंदाला जेमतेम अडीच फूट होतो. अडीचचा वर्ग सव्वासहा, भागिले ६४.४, म्हणजे साधारण ०.१ फूट. इंचात सांगायचं तर सव्वा इंचाच्या आसपास. (खऱ्या लोलकात गोळी नेमकी कुठे लागली याचाही हिशेब धरावा लागतो, इथे तो सोपा करून घेतला आहे.)

कोणालाही न दिसणारा वेग सव्वा इंच उंचीतून वाचला गेला! म्हणजे "पडण्याचं अंतर" हे इथे गोळी कुठे पडेल हे सांगण्यापुरतं नाही, वेग मोजण्याचं साधनही तेच आहे. पुढे वुलिचच्या अकादमीत चार्ल्स हटनने याच पद्धतीने तोफांच्या गोळ्यांवर प्रयोग केले आणि त्याला १७७८ चं कोप्ली पदक मिळालं.

रॉबिन्सची कथा भारतात संपते, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. ईस्ट इंडिया कंपनीने त्याला किल्ल्यांच्या कामासाठी मुख्य अभियंता नेमलं. १७५० मध्ये तो इकडे आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला. असईच्या बावन्न वर्षं आधी.

पायरी दुसरी: गोळा किती खाली येतो

त्या काळच्या इंग्रजी पुस्तकांत नियम असा देत: वस्तू पहिल्या सेकंदात १६ पूर्णांक १/१२ फूट पडते. आपण १६.१ फूट धरू. कितीही वेळेसाठी: अंतर = १६.१ × वेळेचा वर्ग. अर्ध्या सेकंदात ४ फूट, एका सेकंदात १६ फूट, दोन सेकंदांत ६४ फूट.

यातली मनाला पटायला कठीण गोष्ट १६३८ च्या पुस्तकात गॅलिलिओने मांडली: आडवा वेग कितीही असो, खाली पडणं थांबत नाही. सपाट मैदानावर तोफ अगदी आडवी ठेवून गोळा डागला आणि त्याच क्षणी तोफेच्या तोंडाशी दुसरा गोळा नुसता हातातून सोडला, तर हवेचा परिणाम बाजूला ठेवल्यास दोन्ही गोळे एकाच वेळी जमिनीला टेकतात. एक पायाशी, एक दूर, एवढाच फरक.

मैदानी तोफेचं तोंड जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतं. साडेतीन फूट पडायला ०.४७ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गोळा आडवा जातो १५०० × ०.४७ = सुमारे ७०० फूट, म्हणजे २३० यार्ड. हवा धरली तर हे अंतर २०० यार्डांच्या आसपास येतं.

इथे एक भाषेचा सापळा आहे. इंग्रजी तोफखान्याच्या कागदांत "पॉइंट ब्लँक" हा शब्द वारंवार येतो. आपल्या अनुवादांत त्याचं "अगदी खेटून", "छातीवर रोखून" असं होतं. तोफखान्यात त्याचा अर्थ वेगळा: तोफ समतल ठेवली असता गोळा पहिल्यांदा जमिनीला टेकतो ते अंतर. आताच काढलं तेच! म्हणजे दोनेकशे यार्ड. अनुवादातला "खेटून" आणि प्रत्यक्षातले पावणेदोनशे-दोनशे मीटर, यात सगळं लढाईचं चित्र बदलतं.

आता आपला मुख्य प्रश्न. समजा शत्रूची रांग ४०० यार्डांवर, म्हणजे १२०० फुटांवर आहे. हवेचा विरोध नसता तर गोळा ०.८ सेकंदात पोचला असता आणि १०.३ फूट खाली आला असता. पण हवेचा विरोध किरकोळ नसतो. बंदुकीच्या वेगवान गोळीला हवा तिच्या वजनाच्या शंभरपटीहून अधिक जोराने अडवते, हे रॉबिन्सनेच दाखवलं आणि त्या काळच्या जाणकारांना तो धक्का होता. तोफेचा गोळा जड असल्याने त्याचा वेग तुलनेने हळू घटतो, तरी घटतोच. सहा पौंडी गोळ्यासाठी ४०० यार्डांचा सरासरी वेग सेकंदाला १२०० फूट धरला तर गोळा बरोबर एका सेकंदात पोचतो. खाली किती? १६ फूट, म्हणजे जवळपास पाच मीटर.

पाच मीटर म्हणजे दीड मजला. तोफ सरळ माणसाच्या छातीकडे रोखली तर गोळा त्याच्या कितीतरी आधी जमिनीत जाणार. तेवढी भरपाई करायला तोंड वर उचलायचं, पण किती? हिशेब केला तर पाऊण अंशाच्या आसपास. आणि पाव अंश चुकला तर ४०० यार्डांवर गोळा सव्वापाच फूट वर किंवा खाली जातो. म्हणजे पावणेसहा फुटी शिपायाच्या डोक्यावरून, नाहीतर पुढ्यात जमिनीवर. पुढ्यात पडला तरी वाया जातोच असं नाही. कडक जमिनीवर तो टप्पे घेत रांगेत घुसतो, आणि हे त्या काळचे गोलंदाज मुद्दाम करत.

पायरी तिसरी: चालणारी रांग

आता मारा झेलणाऱ्यांचा वेग. इंग्रजांच्या १७९२ च्या कवायत नियमांत साधी चाल मिनिटाला ७५ पावलं, जलद चाल १०८ पावलं, आणि पाऊल ३० इंचांचं.

साधी चाल: ७५ × ३० = २२५० इंच, म्हणजे मिनिटाला १८७.५ फूट. मीटरमध्ये मिनिटाला ५७, ताशी साधारण ३.४ किलोमीटर. जलद चाल: मिनिटाला २७० फूट, ताशी साधारण ४.९ किलोमीटर.

४०० यार्ड म्हणजे १२०० फूट पार करायला साध्या चालीने ६.४ मिनिटं, जलद चालीने साडेचार मिनिटं. सराव झालेले गोलंदाज मिनिटाला दोन गोळे सहज डागत असं धरलं, तर एका तोफेच्या वाट्याला नऊ ते तेरा बार येतात. जवळ आल्यावर गोळ्याऐवजी छऱ्यांचे डबे सुरू होतात. तिथे घसरणीच्या हिशेबाची गरजच नसते, मारा पसरटच असतो.

ताशी १६५० आणि ताशी साडेतीन. एकाच एककात दोन्ही वेग शेजारी ठेवले, की चौऱ्याहत्तराव्या पलटणीचं काय झालं हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. एकक बदलण्याचा खरा उपयोग हाच: वेगवेगळ्या कागदांत, वेगवेगळ्या मापांत विखुरलेल्या गोष्टी एका ओळीत आणणं.

मग "नेम नव्हता" याचं काय?

पाव अंशाची चूक न परवडणाऱ्या कामात ज्यांना नेम नाही, त्यांनी समोरच्या फौजेचा तिसरा हिस्सा गारद होण्याइतका मारा केला असता का? सगळी हानी तोफांनीच झाली असं नाही, बंदुका आणि तलवारीही होत्या. पण शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, तोफांपाशीच मारले गेले, हे इंग्रजांच्याच वर्णनांत येतं. कुठली लढाई सर्वांत चांगली झाली असं म्हातारपणी विचारल्यावर वेलिंग्टनने वॉटर्लू नव्हे, असईचं नाव घेतलं, हेही प्रसिद्ध आहे.

रँडॉल्फ कूपर यांनी २००३ मधल्या आपल्या पुस्तकात हाच धागा मोठ्या प्रमाणावर उलगडला आहे. तंत्रात मराठे मागे होते हा समज त्यांनी खोडला आणि पैसा, हेरगिरी आणि युरोपीय अधिकाऱ्यांची फोडाफोड यांकडे लक्ष वेधलं. युद्ध सुरू होताच शिंद्यांच्या चाकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना कंपनीने आमिष दाखवून बाहेर पडायला सांगितलं होतं. हे तोफेच्या कोनातून दिसत नाही, त्यासाठी पगाराचे आणि पत्रव्यवहाराचे कागद लागतात. आपलं गणित एवढंच करतं: "नेम नव्हता" हे सोपं उत्तर टिकत नाही हे दाखवतं. पराभवाचं कारण ते सांगत नाही. या दोन गोष्टींची गल्लत सिनॉप्सिसमध्ये केलीत, तर व्हायवाला पहिला प्रश्न त्यावरच येईल.

आणि फूट कोणाचा?

शिंद्यांची कवायती फौज द बॉइन्याने उभी केली आणि पुढे पेराँने सांभाळली, दोघेही फ्रेंच भाषक. त्यामुळे या फौजेवर काम करताना फ्रेंच कागद हाती येणारच. जुना फ्रेंच राजफूट ३२.५ सेंटिमीटरचा, इंग्रजी फूट ३०.५ चा. फ्रेंच कागदात "सेकंदाला १५०० फूट" असेल तर ते ४५७ नव्हे, ४८७ मीटर होतात. पौंडाचंही तेच: इंग्रजी पौंड ४५४ ग्रॅमचा, फ्रेंच लिव्ह्र ४८९ ग्रॅमच्या पुढे. "चार पौंडी तोफ" दोन्ही भाषांत एकच नाही. एकाच रकान्यात दोन्ही आकडे मिसळले, तर निष्कर्षात सहा-सात टक्क्यांची चूक गुपचूप येऊन बसते.

म्हणून टिपणवहीत आकड्यासाठी पाच रकाने करा: स्रोतातला आकडा जसाच्या तसा, स्रोतातलं एकक, ते एकक कोणाचं आणि कोणत्या काळातलं, आजच्या एककात किती, आणि मोजलेला, ऐकीव की अंदाजाचा. पहिला रकाना कधीही खोडू नका. रूपांतर चुकलं तर दुरुस्त करता येतं, मूळ आकडा हरवला तर परत तो कागद शोधावा लागतो.

करून बघा

तोफ जुईच्या काठावरच्या उंचवट्यावर आहे असं समजा, तोंड भोवतालच्या जमिनीपासून २० फूट उंच, आणि ती अगदी आडवी डागली. गोळ्याचा सरासरी वेग सेकंदाला १२०० फूट धरा. तो जमिनीला किती सेकंदांनी टेकेल? किती यार्डांवर? मीटरमध्ये किती? आणि साध्या चालीने येणाऱ्या पलटणीला तेवढं अंतर कापायला किती मिनिटं लागतील? उत्तरं साधारण १.१ सेकंद, ४४५ यार्ड, ४०८ मीटर आणि सात मिनिटं यायला हवीत. आली नाहीत तर सूत्राकडे नंतर बघा, आधी एकके तपासा.